पार्सलचा खरा खर्च: रेट कार्डावरचे १० शेवटी १७ कसे होतात

समजा तुमच्यासमोर टेबलावर एक कापडी बाहुली आहे. वजन २४० ग्रॅम. घरात एक दणकट खोका पडून आहे: ३० सेंमी लांब, २५ सेंमी रुंद, २० सेंमी उंच. बाहुली त्यात ठेवली, भोवती कागदाचे बोळे कोंबले, टेप मारली आणि सगळं पुन्हा काट्यावर ठेवलं. ४८० ग्रॅम. अर्ध्या किलोच्या आत बसलं म्हणून हायसं वाटलं. रेट कार्डात, म्हणजे कुरिअर कंपनीच्या दरपत्रकात, अर्ध्या किलोसमोरचा आकडा पाहिला, तेवढेच पैसे ग्राहकाकडून शिपिंगचे म्हणून घेतले आणि पार्सल रवाना केलं. आठवड्याने बिल आलं. वजनाच्या रकान्यात लिहिलं होतं ३ किलो.

माझ्या विक्रीच्या पहिल्याच महिन्यात हे असंच घडलं. कुरिअरवाल्यांचा काटा बिघडला असणार याची मला इतकी खात्री होती की मी तावातावाने तक्रार लिहिली. उत्तर दोन ओळींचं आलं. त्या दोन ओळी कळायला मला दोन दिवस लागले, आणि कळल्यावर तक्रार मुकाट्याने मागे घेतली.

नव्या विक्रेत्याला शिपिंगमध्ये फटका बसतो तो बहुधा कोणी फसवल्यामुळे नाही. आपण वजनाचे पैसे देतोय असं आपण धरून चालतो. समोरचा मात्र जागेचे आणि माणसांच्या हातांचे पैसे लावत असतो. एवढा एक घोळ मनातून निघाला की उरतं ते शाळेतलं अंकगणित.

बाहुली ३ किलोची कशी झाली

गाडी असो वा विमान, ते दोन तऱ्हांनी भरतं. खिळ्यांची खोकी भरत गेलात तर निम्मी जागा रिकामी असतानाच वजनाची मर्यादा गाठली जाते. टेबल टेनिसचे चेंडू भरत गेलात तर वजन नावालाच असतं, पण दार लागत नाही. चेंडूंचं भाडं नुसत्या वजनावर लावलं तर खचाखच भरलेली गाडी तोट्यात धावेल. म्हणून वाहतूक कंपन्या प्रत्येक पार्सलची दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं आणि दुसरं पार्सलने अडवलेल्या जागेवरून काढलेलं. या दुसऱ्याला व्हॉल्यूमेट्रिक वजन म्हणतात. दोन्हींपैकी जे जास्त भरेल त्यावर बिल होतं.

हिशोब सोपा आहे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला ठरलेल्या भाजकाने भागायचं. उत्तर किलोमध्ये येतं. कुरिअरच्या धंद्यात हा भाजक बहुतेक वेळा ५००० असतो. विमान मालवाहतुकीत ६००० हा जुना रूढ आकडा आहे. अमेरिकेत घन इंचांना १३९ ने भागून पौंड काढतात. आपल्या बाहुलीच्या खोक्याचं ३० × २५ × २० म्हणजे १५,०००. भागिले ५०००, म्हणजे ३. काटा ठीकच होता. मी बाहुलीबरोबर अडीच किलोंची हवा पाठवली होती.

भाजक लहान असेल तितकं तुमचं पार्सल 'जड' ठरतं. तोच खोका ६००० च्या भाजकाने अडीच किलोचा होतो. तेव्हा कुठल्याही कंपनीशी बोलताना दर विचारण्याआधी भाजक विचारा. अमुक कंपनीचा दर कमी आहे म्हणून आपण खूश होतो आणि तिचा भाजकही कमी आहे हे बिल आल्यावर कळतं.

हा नियम तसा विमानातल्या मालाचा. पण फेडेक्स आणि यूपीएस या दोन्ही कुरिअर कंपन्यांनी अमेरिकेत २०१५ च्या तोंडावर तो रस्त्याने जाणाऱ्या लहान पार्सलांनाही लावला. त्याआधी तिथे ३ घनफुटांपेक्षा छोटे खोके यातून सुटत असत. ऑनलाइन खरेदीमुळे गाड्या हलक्या पण मोठ्या खोक्यांनी भरू लागल्यावर ते होणारच होतं.

मनात पक्कं बसेल अशी एक खूण सांगतो. ५००० चा भाजक म्हणजे ५ लीटर जागेला १ किलो. एक लीटर पाणी एक किलोचं असतं. म्हणजे तुमचं बांधून तयार झालेलं पार्सल तेवढ्याच जागेतल्या पाण्याच्या एक पंचमांशापेक्षा जड असेल तर काट्याचं वजन लागेल, हलकं असेल तर जागेचं. पुस्तकं, साबण, धातूच्या वस्तू विकणाऱ्याला व्हॉल्यूमेट्रिक वजनाची फारशी चिंता नाही. उशा, बाहुल्या, टोप्या, दिव्यांच्या शेड विकणाऱ्याने मात्र वजनकाट्याआधी मोजपट्टी विकत घ्यावी.

एका सेंटिमीटरची किंमत

मग मी बाहुलीसाठी नवा खोका शोधला. २६ × १६ × १२. गुणाकार ४९९२. भागिले ५००० केलं की एक किलोला केसभर कमी. तीन किलोंची बाहुली एका किलोवर आली. वस्तू तीच, पत्ता तोच, फक्त पुठ्ठा बदलला.

इथे मी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि पुढच्याच महिन्यात पुन्हा तोंडघशी पडलो. काही पार्सलांवर दीड किलोचं बिल आलं. नीट पाहिल्यावर कारण सापडलं. बाहुलीचे केस लोकरीचे आणि भरगच्च. खोक्याचं झाकण दाबून टेप मारली की मधोमध जरा फुगवटा यायचा, जेमतेम एक सेंटिमीटरचा. कुरिअरच्या गोदामात पट्ट्यावरून जाताना पार्सलचं माप यंत्र घेतं आणि ते यंत्र कडेला मोजत नाही, सगळ्यांत बाहेर आलेल्या ठिकाणी मोजतं. १२ चे १३ झाले. २६ × १६ × १३ म्हणजे ५४०८, म्हणजे १.०८ किलो. आणि दर बहुधा टप्प्याटप्प्यांनी असतात, ज्याला धंद्यात स्लॅब म्हणतात. अर्ध्या-अर्ध्या किलोचे स्लॅब असतील तर १.०८ किलो पुढच्या टप्प्यात, म्हणजे दीड किलोत मोजलं जातं. एका सेंटिमीटरने अर्धा किलो वाढवला. मी केस आधी पातळ कागदात घट्ट गुंडाळायला लागलो, फुगवटा गेला.

स्लॅबचं हे लक्षात ठेवा: टप्प्याच्या आत असताना वजन वाढलं तरी काही फरक पडत नाही, आणि टप्पा ओलांडताना एक ग्रॅमही महागात पडतो. पार्सल ४६० ग्रॅमचं असेल तर आत आभारपत्र खुशाल टाका. ४९८ चं असेल तर टेपची आणखी एक पट्टी मारतानाही विचार करा. आणि घरच्या काट्यावर फार विसंबू नका. तो चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे दाखवत असेल तर टप्प्याच्या काठावर बसलेलं पार्सल तुमच्या घरी एका बाजूला आणि गोदामात दुसऱ्या बाजूला पडेल. मी काठापासून २० ग्रॅम आणि उंचीत एक सेंटिमीटर मोकळं सोडतो.

जाता जाता एक किस्सा. अमेरिकेत १९१३ मध्ये टपाल खात्याने पार्सल सेवा सुरू केली. तिचे दर वजनावर आणि अंतरावर होते. १९१६ मध्ये युटा राज्यातल्या व्हर्नल या आडबाजूच्या गावात बँकेची इमारत बांधायची होती. विटा सॉल्ट लेक सिटीहून नेहमीच्या मालवाहतुकीने आणण्यापेक्षा टपालाने आणणं स्वस्त पडतंय, हे एका व्यापाऱ्याने रेट कार्ड वाचून हेरलं. मग काय, ५०-५० पौंडांची पार्सलं करून हजारोंनी विटा चक्क पोस्टाने आल्या. टपाल खात्याला इतका घाम फुटला की एका माणसाने दुसऱ्याला दिवसाला किती वजन पाठवायचं यावर त्याने मर्यादा घातली. आपल्याला विटा पाठवायच्या नाहीत, पण रेट कार्ड त्या व्यापाऱ्यासारखं वाचायला हवं.

छोटा खोका चांगला म्हणून वस्तू आवळून बांधायची, असा मात्र अर्थ काढू नका. फुटणाऱ्या वस्तूला चारी बाजूंनी आणि वर-खाली गादी लागतेच. १० सेंमी घनाकार कप घ्या. प्रत्येक बाजूला ५ सेंमी बबल रॅप किंवा कागद दिला की खोका २० सेंमीचा होतो. कपाची स्वतःची जागा १००० घन सेंमी, खोक्याची ८०००. आठपट! त्याचं व्हॉल्यूमेट्रिक वजन १.६ किलो. हे टाळता येत नाही, कारण फुटलेल्या कपाचा खर्च याहून कितीतरी मोठा असतो: वस्तू गेली, एक शिपिंग गेलं, बदली वस्तू गेली, दुसरं शिपिंग गेलं. नाजूक वस्तू विकायची तर किंमत ठरवतानाच ही आठपट जागा धरून चाला. उलट कपड्यासारखी न मोडणारी वस्तू असेल तर खोक्याचा मोह सोडा. जाड कुरिअर बॅग वस्तूच्या आकाराची होते, तिच्यात हवा राहत नाही.

अंतराचं भाडं आणि हातांचं भाडं

आता दुसरा गैरसमज. लांब पाठवायचं म्हणजे महाग, जवळ म्हणजे स्वस्त, आणि दुप्पट अंतराला दुप्पट पैसे. पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. रेट कार्डात अंतराचे झोन असतात: त्याच शहरात, त्याच राज्यात, दूर, फार दूर, दुर्गम. अंतर दहापट झालं तरी दर दहापट होत नाही.

असं का, याचं उत्तर पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच मिळालं होतं. तेव्हा ब्रिटनमध्ये पत्राचं भाडं अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरायचं, आणि बहुतेक वेळा ते पत्र घेणारा भरायचा. रोलंड हिल नावाच्या सुधारकाने १८३७ मध्ये हिशोब मांडून दाखवला की लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा निव्वळ खर्च पेनीच्या छत्तिसाव्या भागाइतकाच येतो. मग पैसे जातात कुठे? पत्र घेणं, अंतरानुसार आकार ठरवणं, नोंदी ठेवणं, दारोदार जाऊन पैसे वसूल करणं यात. वाट स्वस्त होती, दोन्ही टोकं महाग होती. १० जानेवारी १८४० पासून तिथे अंतर कितीही असो, अर्ध्या औंसाच्या पत्राला एक पेनी असा एकच दर सुरू झाला.

पार्सल पत्रासारखं हलकं नसतं, म्हणून त्यात अंतराचाही वाटा असतो. पण टोकं महाग, वाट स्वस्त हा धडा आजही जसाच्या तसा लागू आहे. तुमच्या दारातून पार्सल उचलणारा माणूस, गोदामातली वर्गवारी, शेवटच्या गल्लीत घर शोधणारा माणूस: भाड्याचा मोठा भाग इथे जातो. त्यामुळे एकाच ग्राहकाच्या दोन वस्तू दोन पार्सलांत पाठवणं हा सगळ्यांत वाईट व्यवहार. टोकांचा खर्च दोनदा भरावा लागतो. आणि दुर्गम पत्त्याला वेगळा अधिभार का लागतो तेही यातून कळतं. तिथे एका पार्सलसाठी माणसाला वेगळी खेप करावी लागते.

झोनची सरासरी काढताना नवखे लोक एक हमखास चूक करतात, मीही केली. समजा वस्तूची किंमत १०० आहे. जवळच्या झोनचा दर ५, मधल्याचा ९, लांबचा १२. तिघांची सरासरी ८.६७, म्हणून ९ धरून मोकळं व्हावंसं वाटतं. पण ऑर्डर समान वाटून येत नाहीत. मागचे १०० पत्ते काढून बघा. त्यांतले २० जवळचे, २० मधले आणि ६० लांबचे असतील तर खर्च होतो १०० + १८० + ७२० = १०००, म्हणजे पार्सलमागे १०. विक्री सुरूच केली नसेल तर पत्ते कुठून आणणार? मग सगळे ग्राहक लांबच्या झोनमधले आहेत असं धरून सुरुवात करा. पन्नास ऑर्डर झाल्या की आकडा दुरुस्त करा. वर धरलेला आकडा खाली आणणं सोपं असतं; ग्राहकाला एकदा कमी दर दाखवला की तो वाढवताना मात्र जीव मेटाकुटीला येतो.

१० चे १७

आता हे १० हातात घेऊ आणि त्यांचं पुढे काय होतं ते पाहू. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, तुमचे वेगळे असतील. पण क्रम हाच राहील.

रेट कार्डावरच्या दराखाली बारीक अक्षरांत इंधन अधिभार असतो. तो मूळ दराच्या टक्क्यांत असतो आणि अनेक ठिकाणी इंधनाच्या भावाप्रमाणे बदलत राहतो. तो १५ टक्के धरला तर १० चे ११.५ झाले. तुमच्याकडे यावर कर लागत असेल तर तो वेगळा. दारात पैसे घेण्याची, म्हणजे सीओडीची सोय दिली असेल तर तिचं शुल्क वेगळं. मी हे दोन्ही बाजूला ठेवतो.

मग पॅकिंग. खोका, आतला कागद, टेप, लेबलची शाई. एकेकट्याने पाहिलं तर चिल्लर, म्हणून बहुतेक जण धरतच नाहीत. नेमका आकडा काढायचा असेल तर एक महिनाभर सगळ्या सामानाची बिलं एका पाकिटात टाका आणि महिन्याच्या पार्सलांनी भागा. टेपचा एक रोल किती पार्सलांना पुरतो हे मोजल्यावर मी चकित झालो होतो. माझ्या अंदाजाच्या निम्म्यालाच. पॅकिंगचे २ धरू. झाले १३.५.

इथपर्यंत बरेच जण येतात. खरा खड्डा यापुढे आहे: परत येणारी पार्सलं. ग्राहक घरी नसतो, पत्ता चुकतो, फोन लागत नाही, मन बदलतं, सीओडीला तर ऐनवेळी "नको" म्हणणं फारच सोपं असतं. न पोचता परत आलेल्या पार्सलला धंद्यात आरटीओ म्हणतात. त्याचं जाण्याचं भाडं तुम्ही भरलेलं असतं आणि अनेक ठिकाणी येण्याचंही भरावं लागतं. विक्री मात्र शून्य.

१०० पार्सलं पाठवली, १२ परत आली असं समजा. पाठवण्याचा खर्च १०० × १३.५ = १३५०. परतीचं भाडं जाण्याइतकंच धरलं तर १२ × ११.५ = १३८. एकूण १४८८. आता याला १०० ने भागू नका. पैसे देणारे ग्राहक ८८ आहेत. १४८८ भागिले ८८ म्हणजे १६.९. रेट कार्डावर १० दिसत होते, एका पोचलेल्या ऑर्डरमागे तुमच्या खिशातून १७ गेले.

शिपिंगमधला सगळ्यांत उपयोगाचा आकडा हाच, असं माझं ठाम मत आहे: पाठवलेल्या पार्सलमागचा खर्च नव्हे, पोचलेल्या ऑर्डरमागचा खर्च. दोन कुरिअर कंपन्यांची तुलना करायची तीही याच आकड्यावर. एकीचा दर १० आणि १२ पार्सलं परत, दुसरीचा दर ११ आणि ४ परत, तर दुसरी स्वस्त पडते. हवं तर वरच्याच पद्धतीने करून पाहा: ११ वर १५ टक्के म्हणजे १२.६५, पॅकिंगसह १४.६५, १०० पार्सलांचे १४६५ अधिक परतीचे ५०.६, भागिले ९६. उत्तर १५.८ येतं.

परत येणारी पार्सलं कमी करण्याचे उपाय साधे आहेत. पाठवण्याआधी पत्ता आणि फोन नंबर ग्राहकाकडून एकदा पक्का करून घ्या. आगाऊ पैसे देणाऱ्याला थोडी सूट द्या. रोलंड हिलच्या काळातही हेच दुखणं होतं. भाडं पत्र घेणाऱ्याने भरायचं असल्यामुळे लोक पत्र नाकारायचे, आणि टपाल खात्याने ते शेकडो मैल फुकट वाहून नेलेलं असायचं. त्याने सुचवलेला उपाय आगाऊ भाड्याचा, आणि त्यासाठीच १८४० मध्ये टपालाचं तिकीट आलं. सीओडी अगदी बंदच करा असं मी म्हणणार नाही. नव्या, अनोळखी विक्रेत्यावर ग्राहकाने आधीच का विश्वास ठेवावा? पण सीओडीच्या आणि आगाऊ पैसे भरलेल्या ऑर्डरचा हिशोब दोन वेगळ्या पानांवर ठेवा. दोन्ही एकत्र केले की चांगले ग्राहक वाईट ग्राहकांचं भाडं भरत राहतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

आणखी एक गळती आहे. तुम्ही एखाद्या मोठ्या ऑनलाइन बाजारात विकत असाल तर त्याचं कमिशन बहुधा शिपिंगच्या रकमेवरही लागतं. एट्सीचं ६.५ टक्के शुल्क वस्तूच्या किमतीबरोबर शिपिंगवरही असतं, ईबेचं शुल्कही ग्राहकाने भरलेल्या एकूण रकमेवर निघतं. म्हणजे ग्राहकाकडून १७ घेतले तरी १७ हाती येत नाहीत, ६.५ टक्क्यांनी १५.९ येतात. शिवाय ऑनलाइन पैसे घेण्याचं शुल्कही पूर्ण रकमेवर कापलं जातं.

हे १७ भरायचे कोणी

खर्च किती हा प्रश्न सुटला. तो ग्राहकाला दाखवायचा कसा हा वेगळा प्रश्न आहे, आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. 'मोफत शिपिंग' म्हणजे खर्च नाहीसा झाला असं नाही, फक्त तो किमतीच्या पोटात गेला.

ऐनवेळी दिसणारा शिपिंगचा आकडा ग्राहकाला झोंबतो, यात शंका नाही. ऑनलाइन खरेदीच्या पानांचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटच्या पाहण्यांत, लोक भरलेली कार्ट का सोडून जातात याचं पहिल्या क्रमांकाचं कारण वर्षानुवर्षे हेच निघतं: शिपिंग, कर आणि शुल्क असे शेवटी वाढलेले पैसे. शिपिंग लावायला हरकत नाही. ते वस्तूच्या पानावरच, किमतीच्या शेजारी सांगा.

किमतीत सगळं मिसळायचं तर एक पेच येतो. बाहुली १०० ची, शिपिंग धरून ११७ ला लावली. एका ग्राहकाने तीन घेतल्या. त्याने शिपिंगचे ५१ भरले, प्रत्यक्षात तिन्ही एका खोक्यात गेल्या आणि खर्च आला समजा ३०. पुढच्या वेळी तो शेजारच्या दुकानदाराची किंमत बघेल. उलट तुम्ही प्रत्येक ऑर्डरला एकच ठरावीक शिपिंग लावलं तर एक घेणाऱ्याला ते जड वाटतं आणि पाच घेणाऱ्याला स्वस्त पडतं. पाच वस्तूंचं पार्सल स्लॅब ओलांडून कुठल्या कुठे जातं आणि पदरमोड तुमची होते.

मला मधला मार्ग पटतो: अमुक रकमेच्या वर शिपिंग मोफत. पण ही रक्कम हवेतून काढू नका. तुमची नेहमीची ऑर्डर १०० ची असेल आणि मर्यादा ३०० ठेवली तर कोणी तिकडे फिरकणार नाही. १५० ठेवली तर ग्राहक आणखी एखादी छोटी वस्तू शोधू लागतो. वाढलेल्या ५० वर तुमचा नफा ४० टक्के असेल तर २० मिळाले, आणि शिपिंगचा खर्च १७ होता. जमलं. नफा २० टक्केच असेल तर १० मिळाले आणि १७ गेले. मग मर्यादा वर न्या. एक अट मात्र तपासा. ती जास्तीची वस्तू त्याच खोक्यात, त्याच स्लॅबमध्ये बसायला हवी. मी दुकानात छोट्या, चपट्या वस्तू मुद्दाम ठेवल्या त्या यासाठीच.

वस्तूच फार स्वस्त असेल तर कुठलीच युक्ती चालत नाही. २० ची वस्तू आणि १७ चं शिपिंग म्हणजे चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला. ती एकेकटी विकूच नका, चार-पाचचा संच करून विका.

देशाबाहेर पाठवण्याचा हिशोब मी इथे उघडत नाही. फक्त एक गोष्ट ठरवल्याशिवाय ती विक्री सुरू करू नका: आयात शुल्क कोण भरणार. विक्रेत्याने सगळं भरून माल दारात देणं याला डीडीपी म्हणतात. डीएपीमध्ये शुल्क माल घेणाऱ्याने भरायचं असतं. ग्राहकाला हे आधी सांगितलं नसेल तर तो दारात आलेलं पार्सल नाकारतो. आणि परदेशातून परत येणारं पार्सल परवडतच नसल्याने पुष्कळ विक्रेते ते तिथेच सोडून देतात.

वही

सॉफ्टवेअर वगैरे नंतर. सुरुवातीला एक वही किंवा साधी शीट पुरे. प्रत्येक पार्सलसाठी बांधून झाल्यावरची तीन मापं, काट्याचं वजन, झोन, माझ्या हिशोबाने येणारं भाडं, प्रत्यक्ष बिल, आणि पोचलं की परत आलं. बिल वरातीमागून येतं, म्हणून तो रकाना आठवड्याने भरायचा.

टेप मारल्यावर पार्सलचे दोन फोटो काढायची सवयही लावून घ्या: एक काट्यावरचा आकडा दिसेल असा, दुसरा मोजपट्टी लावलेला, दोन्हींत लेबल दिसायला हवं. एकदा माझ्या एक किलोच्या पार्सलवर खरोखरच चुकीचं, चार किलोचं बिल लागलं. या वेळी मी बरोबर होतो, पण पुरावा नव्हता. वाद घालायची मुदत काही दिवसांचीच होती, ती पुरावा शोधण्यातच संपली आणि पैसे गेले. त्यानंतरच्या दोन वादांत फोटो पाठवले. दोन्ही वेळा फरकाची रक्कम परत मिळाली.

पहिल्या ३० ओळी भरल्या की हिशोबाचं भाडं आणि बिलाचं भाडं हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचा. फरक सगळीकडे सारखा असेल तर बहुधा एखादा अधिभार धरायचा राहिलाय. एकाच मापाच्या खोक्यावर फरक येत असेल तर मोजपट्टी घेऊन त्या खोक्याचं झाकण तपासा, मधोमध.